एकवीस दिवस, एकही सदरा नाही

दोन हजार बारा साल, नोव्हेंबर महिना, सहा तारीख, मंगळवार, थंडी नुकती पडायला लागलेली, सकाळचे आठ वाजून पंचवीस मिनिटं… आता तुम्ही म्हणाल, बाई, मिनिटापर्यंत कशाला जाता? जाते. कारण त्या मिनिटापासून माझ्या डोक्यावर जो आळ येऊन बसलाय, की मी म्हणे लोकांच्या घरात डोकावते, मी म्हणे एका सोन्यासारख्या संसारात बिब्बा घातला, तो आळ काढायचा तर सुरुवात मिनिटापासूनच करायला हवी. अहो, मी केलं काय? तुम्हाला सांगते, मी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं!

पण ते समजायला आधी वारा समजला पाहिजे. मी मॅट्रिक झाले आणि वेधशाळेत निरीक्षक म्हणून लागले. एकतीस वर्षं, सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच. पारा किती, दमटपणा किती, ढग कोणते, वारा कुठून आणि किती. एकतीस वर्षांत एक नोंद चुकली नाही. निवृत्त झाले तेव्हा मोठ्या साहेबांनी भाषणात सांगितलं, की ह्या बाईंच्या वहीवरून घड्याळ लावून घ्यावं. आता मला सांगा, मी निवृत्त झाले म्हणून वारा वाहायचा थांबतो का? नाही ना? मग मी घरीच, पुढच्या खोलीच्या खिडकीत थर्मामीटर टांगला, वही घातली, आणि काम पुढे चालू केलं. फक्त वाऱ्याची पंचाईत झाली. वेधशाळेच्या छपरावर दिशा दाखवणारा लोखंडी कोंबडा असायचा. तसा एक घरी बसवू म्हटलं, तर आमचे हे म्हणाले, "या वयात छपरावर कोंबडा बसवलास तर लोक तुला काही म्हणणार नाहीत, मला म्हणतील."

तर मी साधन शोधलं. रस्त्यापलीकडे, आमच्या खिडकीपासून बावन्न फुटांवर, मोजलंय मी, समोरच्या इमारतीचा चौथा मजला आहे. आम्हीही चौथ्यावरच, म्हणजे नजरेसमोर नजर. त्या बाल्कनीत कपडे वाळत घालायची दोरी आहे. चादर उजवीकडे फुगली तर वारा पश्चिमेचा. सदऱ्याची नुसती बाही हलली तर मंद, सदरा आडवा झाला तर जोराचा, आणि चिमटा सुटून सदरा गेलाच तर वादळ. झालं काम! पण मग दोरीवर काय होतं तेही लिहायला नको का? चादरीवर मोजलेला मंद वारा आणि हातरुमालावर मोजलेला मंद वारा एकच असतो का? साधन लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही, हे नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून माझ्या वहीत नऊ वर्षं रोज लिहिलेलं आहे: चौथा मजला, चादरी दोन, टॉवेल तीन, सदरे दोन, पैकी एक निळा, वारा वायव्येचा, मंद.

आता त्या चौथ्या मजल्यावर एक नटी राहते, आणि तिचा नवराही नट आहे, हा काय माझा अपराध?

खरं म्हणजे मला ते दोघं कधी दिसलेच नाहीत. मला दिसायच्या त्या त्याच्या आई. बरोबर साडेआठला बादली घेऊन बाहेर यायच्या. कपडा तीनदा झटकायच्या, सदरा नेहमी खालून चिमट्यात धरायच्या, गळ्याला कधीच नाही. अशी बाई जगात विरळा. मी वहीतून मान वर करायची, त्या चिमटा वर धरायच्या, मी पेन्सिल वर धरायची. बस. नऊ वर्षांत एक शब्द नाही, नाव नाही, गाव नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आठ दिवस खिडकीत नव्हते. नवव्या दिवशी आले तर त्यांनी दोन्ही हात हवेत फिरवून विचारलं, कुठे होतात? मी डोळ्याकडे बोट केलं. त्यांनी कपाळाला हात लावला. आणि चार वर्षांपूर्वी त्यांच्या दोरीवर रोज असायचे ते दोन पांढरे पायजमे, म्हाताऱ्या माणसाचे, नाडीचे, ते एका दिवसापासून यायचे थांबले. ते का थांबले ते कळायला मला कुणी सांगावं लागलं नाही. त्या दिवशी मी पेन्सिल वर न धरता नुसतीच उभी राहिले, त्याही उभ्या राहिल्या, आणि वहीत मी वारा लिहिला, पायजम्यांचं काही लिहिलं नाही. माझ्या सबंध वहीत जाणूनबुजून गाळलेली अशी ती एकच गोष्ट.

असो. सांगत होते सहा नोव्हेंबरचं. आठ पंचवीसला घंटा वाजली आणि दार उघडलं आमच्या ह्यांनी. आता ह्यांची एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे भूगोलाचे शिक्षक. चाळीस वर्षं मुलांना नद्या शिकवल्या. निवृत्त झाले आणि घरात केबलवर ती एक वाहिनी आली, चोवीस तास फक्त नटनट्यांच्या बातम्या, दुसरं काही नाहीच. कुणी कुणाला फुलं पाठवली, कुणी कुणाला परत पाठवली. तेव्हापासून ह्या माणसाला नद्यांचे उगम आठवत नाहीत, पण कुणाचं प्रेम कुठे उगम पावलं, कुठून वळलं आणि शेवटी कुणाला जाऊन मिळालं, ते उपनद्यांसकट पाठ! दारात त्याच वाहिनीची मुलगी माइक घेऊन उभी. ह्यांना गहिवर आला. मुलीला म्हणाले, "तुम्ही आत्ता, साडेसातच्या बातम्यांत, दुसऱ्या कपड्यांत होतात."

तिच्यामागे एक दाढीवाला, खांद्यावर कॅमेरा, हातात तिपाई. मुलगी म्हणाली, "आजी, फक्त पाच मिनिटं तुमची खिडकी हवीय. समोरच्या घरात गोड बातमी आहे असं कळलंय." मी म्हटलं, गोड असो की कडू, साडेआठला मला माझं काम करायचं आहे, थर्मामीटरला हात लावायचा नाही आणि माझ्या पुढ्यात उभं राहायचं नाही. ती हो म्हणाली. दाढीवाल्यानं तिपाई लावली. मी पारा पाहिला, ढग पाहिले, समोरच्या बाईंनी चिमटा वर केला, मी पेन्सिल वर केली, आणि नोंद करायला बसले तर ही मुलगी माझ्या खांद्यावरून वाचतेय!

"आजी, हे तुम्ही रोज लिहिता?"

"रोज."

"म्हणजे… त्यांच्या घरात कुणाचे कपडे वाळतात ते रोज?"

"वारा रोज. कपडे अनुषंगानं."

तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी तिची हरवलेली आत्याच. "आजी, तो निळा सदरा, त्यांच्या मिस्टरांचा, तो शेवटचा कधी होता?" आता माझ्यासमोर वही उघडी. मी पानं उलटली. सोळा ऑक्टोबर, म्हटलं. "आणि त्यानंतर पुरुषाचा दुसरा कुठला?" मी पुन्हा पाहिलं, नीट पाहिलं, बोट ठेवून ओळ न ओळ पाहिली. म्हटलं, "त्यानंतर एकवीस दिवस एकही सदरा नाही."

त्यात काय चुकलं? होता का सदरा? नव्हता. मी उगाच होता म्हणून सांगू? तुम्हीच सांगा, मी फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं!

पाच मिनिटांत सगळे पसार. चहासुद्धा घेतला नाही. ह्यांनी केलेला चहा दोघांचा मीच संपवला.

संध्याकाळी साडेपाचची नोंद करून मी आत आले, तर टीव्हीवर सबंध पडदाभर निळा सदरा! त्याच्या छातीवर एक तडा गेलेलं काळीज, आणि खाली अक्षरं पळतायत: एकवीस दिवस! एकही सदरा नाही! मग माझा हात, माझी वही, माझी पेन्सिल. माझी, तुम्हाला सांगते, टोक केलेली पेन्सिल! आणि ती सकाळची मुलगी, आता तिसऱ्या कपड्यांत, घसा कोरडा करून सांगतेय, "कुटुंबाच्या अत्यंत जवळच्या सूत्रांनी आम्हाला दिलेल्या माहितीनुसार…" जवळच्या? बावन्न फूट! मोजून बावन्न फूट!

मग चर्चा. चार चौकटी, चार माणसं. एक म्हातारे दिग्दर्शक, ते म्हणाले मी या मुलाला लहानपणी मांडीवर घेतलं होतं, तेव्हाही तो असाच शांत होता. एक मनाचे डॉक्टर, ते म्हणाले, "रिकामी दोरी ही रिकाम्या मनाची खूण असते." अहो, दोरी रिकामी कुठे होती, चादरी होत्या ना! तिसरी एक लग्न मोडलेली नटी, ती फक्त सुस्कारे टाकायला बोलावलेली. आणि चौथा कोण, तर एक लाँड्रीवाला! तो म्हणाला, "सुती सदरा एकवीस दिवस न धुता घालता येत नाही. म्हणजे तो धुतला जातोय. फक्त इथे नाही." झालं! ती मुलगी खुर्चीतून उठली. "म्हणजे दुसरीकडे? दुसऱ्या दोरीवर? ब्रेकनंतर पाहू या, ती दुसरी दोरी कुणाची!" आणि आमचे हे, चाळीस वर्षं शिकवलेला माणूस, मला म्हणतात, "हलू नकोस मधे, ब्रेक पाच मिनिटांचाच असतो."

सातला माझ्या नणंदेचा फोन. तीन वर्षांत माझी विचारपूस नाही, डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नाही, आणि आता एकदम आवाजात साखर. "वहिनी, टीव्हीवर तुझाच हात ना गं? मी अंगठीवरून ओळखला. बरं, खरं सांग, तो हिरवा टॉवेल कुणाचा?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तर म्हणते, "असू दे, फोनवर नको, मी येऊनच जाते."

आता हे सगळं एक वेळ मी सोडून दिलं असतं. टीव्ही बंद करता येतो, नणंदेला थोपवता येतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी खिडकीत आले, आणि समोर बाल्कनीचा पडदा ओढलेला. दोरी काढून घेतलेली. बादली नाही, चिमटा नाही, बाई नाहीत. खाली रस्त्यावर तीन गाड्या, छपरांवर थाळ्यांसारखे अँटेने, आणि सगळ्यांची तोंडं वर. मी पारा लिहिला, ढग लिहिले, आणि वाऱ्याच्या रकान्यापाशी येऊन थांबले. ऑपरेशनचे ते आठ दिवस सोडले तर नऊ वर्षांत पहिल्यांदा रकाना कोरा राहिला. तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात? मलाही तसंच वाटलं असतं… पण मी पेन्सिल वर धरली होती हो. सवयीनं. आणि ती कुणासाठी धरली, हे माझं मलाच कळलं.

आठ, नऊ, तीन दिवस तेच. ती मुलगी रोज सकाळी दारात, "आजी, आज दोरीवर काय?" त्यांना म्हणे 'आजची दोरी' नावाचा रोजचा कार्यक्रम करायचा होता, माझ्या खिडकीतून, माझ्या वहीसकट. मी दार लावून घेतलं. तर आमच्या ह्यांनी जिन्यात उभं राहून मुलाखत दिली! टीव्हीवर पाहिलं मी. एवढ्याशा जिन्यात छाती काढून सांगताहेत, "वारा बंद आहे. म्हणजे घरात वातावरण कोंडलेलं असणार. भूगोलाचा नियमच आहे." कुठल्या भूगोलाचा? कुठल्या?

तर दहा तारखेला, शनिवारी, मी ठरवलं. नोंदीवर शंका आली तर निरीक्षकानं आत बसून तर्क लढवायचे नसतात, बाहेर जाऊन साधन तपासायचं असतं. वही काखेत मारली, चपला घातल्या, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तो रस्ता ओलांडला. गाड्यांमधून वाट काढली, माइकांमधून वाट काढली. समोरच्या इमारतीचा पहारेकरी म्हणाला, "वर जायला मनाई आहे." मी म्हटलं, मी समोरच्या खिडकीतली. म्हणाला, "ओळखलं. म्हणूनच मनाई आहे."

त्यानं वर फोन केला. बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "पाठवा म्हणतात. पण वही इथे ठेवून."

मी वही कधी कुणाच्या हातात दिलेली नाही. साहेबांच्याही नाही, साहेब स्वतः येऊन टेबलावर बघायचे. दिली.

चौथ्या मजल्याचं दार त्या बाईंनीच उघडलं. जवळून माझ्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या. मला वाटलं होतं उंच असतील. बाजूला झाल्या, आणि मी आत पाहिलं तर, तुम्हाला सांगते, घरभर सदरे! ओले, धुतलेले. खुर्च्यांच्या पाठींवर सदरे, दाराच्या कड्यांवर सदरे, कपाटावर एक पुरस्काराची पितळी बाहुली हात वर करून उभी होती, तिच्या दोन्ही हातांवर मिळून निळा सदरा. मी मनातल्या मनात मोजले, अकरा. आणि त्या सगळ्या सदऱ्यांच्या मधे, टेबलाशी, नुसत्या बनियनवर, तो नट चहात पाव बुडवून खातोय! शेजारी ती नटी, त्याच्या पावाला लोणी लावून देतेय. दोघांचे डोळे टीव्हीवर. तो म्हणाला, "आई, मी आत्ता विमानतळावर आहे म्हणे. बॅग घेऊन." ती म्हणाली, "आणि मी रडतेय. बघा ना, मागच्या वर्षीच्या सिनेमातलं रडणं लावलंय."

हसायला येतं ना? मलाही आलं असतं. पण कोचावर एक गृहस्थ बसले होते, हातात प्रवासाची पिशवी, ते त्या नटीचे वडील. बातमी बघून बिचारे हृदयाचं दुखणं घेऊन एवढ्या लांबून आले होते, लेकीला घरी न्यायला. जावई समोर बसून पाव खातोय, लेक लोणी लावतेय, आणि हे मान हलवून म्हणतायत, "पण ते दाखवताहेत ते सगळं खोटं कसं असेल? चार दिवस दाखवताहेत!" चार दिवस ते त्याच कोचावर होते. पिशवी खाली ठेवायला तयार नव्हते.

मी त्या बाईंना म्हटलं, "सदरे आत का वाळवता?"

त्यांनी सांगितलं ते असं. सोळा ऑक्टोबरला ह्याच वाहिनीनं खालून, रस्त्यावरून, त्यांच्या दोरीचं चित्र काढलं होतं आणि संध्याकाळभर दाखवलं होतं, की पाहा, एवढा मोठा नट, आणि सदरे म्हातारी आई हातानं धुते, तेही तेच तेच! मुलाला लाज वाटली. म्हणाला, आई, माझे सदरे बाहेर घालू नकोस. म्हणून आत. म्हणजे बघा हं, सदरे यांनीच आत घालायला लावले, आणि सदरे बाहेर का नाहीत म्हणून बोंब यांनीच मारली, आणि मधे दाखला कुणाचा? माझा!

मी म्हटलं, "अहो, माझं ऐका, मी फक्त विचारलेल्या…" पण त्या माझ्याकडे बघत होत्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "नऊ वर्षं मला वाटत होतं, समोरून कुणीतरी मला बघतंय. घरात दोघं कामावर जातात, हे गेल्यापासून दिवसभर मी एकटी. सकाळी तेवढं बरं वाटायचं. तुम्ही दोरी बघत होता का हो?"

हाही प्रश्नच होता की नाही? सरळ, समोरासमोर विचारलेला. आणि मला, एकतीस अधिक नऊ, चाळीस वर्षं उत्तरं लिहिणाऱ्या बाईला, त्याचं उत्तर देता आलं नाही. मी चपला घातल्या आणि खाली आले. पहारेकरी माझ्या वहीवर बसला होता. म्हणाला, "तीन वाहिन्यांची माणसं मागून गेली, आजी. म्हणून बूड हलवलं नाही." जगात सज्जन माणसं आहेत, ती टीव्हीवर नसतात इतकंच.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. तर हे म्हणतात, "हो हो, सोळा तारखेचं ना? आई सदरे धुते ते? पाहिलं होतं मी! दोनदा पाहिलं." म्हटलं, अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत? म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही."

चुकीची नोंद आमच्याकडे खोडत नाहीत, फाडत नाहीत. लाल शाईनं शुद्धिपत्र लिहायचं, तारीख घालायची, सही करायची. मी लिहिलं. चौदा ओळी, एकही खाडाखोड नाही: सतरा ऑक्टोबर ते सहा नोव्हेंबर सदरे बाहेर नव्हते, ते घरात वाळत होते, अनुपस्थिती सदऱ्यांची आहे, माणसाची नव्हे, निरीक्षकानं माणूस समक्ष पाहिला आहे, पाव खाताना. मग स्वतः दार उघडून त्या मुलीला आत घेतलं आणि म्हटलं, घे, हे दाखव. तिनं वाचलं. तोंड एवढंसं झालं. वाईट मुलगी नाही ती, तिची आईही कुठेतरी वाट बघतच असणार. म्हणाली, "आजी, तो घरात आहे ही बातमी होत नाही हो. घरात तर सगळेच असतात." मी म्हटलं, तरी दाखवायचं. ती बरं म्हणाली.

आणि दाखवलं! त्याच संध्याकाळी दाखवलं. चौदा ओळींतली एक ओळ वाचली नाही, मागे ढोल वाजवला आणि पडदाभर माझी शाई. 'आजींनी लाल शाई का वापरली?' त्यावर पुन्हा त्याच चार चौकटी. मनाच्या डॉक्टरांनी सांगितलं, लाल म्हणजे संताप. लाँड्रीवाल्यानं सांगितलं, लाल डाग निघत नाही. नणंदेचा फोन आला, "वहिनी, एवढं गंभीर आहे का गं?"

तेव्हा मी तिपाईची जागा बंद केली. खिडकीतला थर्मामीटर काढून मागच्या बाल्कनीत नेऊन टांगला, मागे भिंत आहे, वारा कळत नाही, न कळू दे. दाढीवाल्याला हात जोडून सांगितलं की या घरातून यापुढे कुठलीही गोष्ट दिसणार नाही. पुढच्या खोलीत त्यांनी दोनदा "सर, इकडे बघा" म्हटलेलं असल्यामुळे ह्यांना फार वाईट वाटलं.

आणि अकरा तारखेपासून मी रोज साडेआठला पुढच्या खिडकीत जाऊन नुसती उभी राहू लागले. वही नाही, पेन्सिल नाही. दोन्ही हात असे, रिकामे, खिडकीच्या गजावर, दिसतील असे. समोर पडदा ओढलेला. पाच मिनिटं उभं राहायचं आणि आत यायचं. पहिल्या दिवशी हे मागून आले, "अगं, पेन्सिल विसरलीस." म्हटलं, विसरले नाही. दुसऱ्या दिवशीही आणून दिली. तिसऱ्या दिवसापासून माझ्याशेजारी येऊन उभे राहायला लागले. माणूस तसा वाईट नाही. फक्त आठ पस्तीसच्या ठळक बातम्या चुकतात म्हणून पाय आपटायचे.

असे दिवस गेले. रस्त्यावरच्या गाड्या तिनाच्या दोन झाल्या, दोनाची एक. लोकांना दुसरी एक नटी सापडली, तिनं म्हणे कुत्रा बदलला. पडदा मात्र हलला नाही.

एक डिसेंबर. शनिवार. माझं नुसतं उभं राहणं सुरू झाल्यापासून एकविसावा दिवस, तुम्ही मोजून बघा. साडेआठला पडदा सरकला. त्या बाई बाहेर आल्या. आधी दोरी बांधली, दोन्ही टोकांना गाठ ओढून बघितली. मग बादली. मग एक सदरा, तीनदा झटकला, खालून चिमट्यात. दुसरा. तिसरा. निळा. अकराच्या अकरा सदरे, सगळ्या रस्त्यादेखत, गर्दीनं, एकाला एक चिकटून, दोरीला झोळ पडला तरी थांबल्या नाहीत. शेवटचा घातला, आणि माझ्याकडे बघितलं. मी रिकामे हात उचलून दाखवले. त्यांनी चिमटा वर धरला.

मला डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गार हवेत पाणी येतं.

खाली उरलेल्या एका गाडीत एकच धावपळ! अर्ध्या तासात ह्यांनी टीव्ही लावला. अकरा सदरे पडदाभर, सनई, आणि ती मुलगी सांगतेय, "तो परत आला! आमच्या बातमीचा परिणाम! आमच्या वाहिनीनं एक संसार वाचवला!" वर लाँड्रीवाल्याची प्रतिक्रिया. आणि तुम्हाला सांगते, त्याच बातमीनंतर कोचावरच्या त्या गृहस्थांनी पिशवी खाली ठेवली आणि जावयाला मिठी मारली. म्हणाले, "आलात एकदाचे!" हे मला पहारेकऱ्यानं सांगितलं.

तर अशी ती गोष्ट त्या दिवशी मिटली. दोरी आली, वारा आला, थर्मामीटर पुन्हा पुढच्या खिडकीत आला. मीही मोकळी झाले असते…

पण त्याच संध्याकाळी, साडेपाचला, मी वही घेऊन खिडकीत आले आणि समोर बघते तर त्या बाई खुर्ची टाकून बसलेल्या. मांडीवर वही. नवी, कोरी करकरीत. हातात पेन्सिल. आमच्या खिडकीकडे बघतात, ओठ हलवून काहीतरी मोजतात, आणि लिहितात! मला पेन्सिल वर करून दाखवली. मीही दाखवली. आता काय लिहीत असतील? मी मागे वळून आमच्या खिडकीकडे त्यांच्या डोळ्यांनी पाहिलं. आमचे कपडे पहिल्यापासून मागच्या बाल्कनीत वाळतात. म्हणजे त्यांच्या वहीत, पहिल्याच पानावर, काय असणार? पुरुषाचा सदरा, एकही नाही.

तेव्हापासून आमच्या ह्यांचा एक सदरा, मळलेला असो नसो, मी रोज धुते आणि पुढच्या खिडकीत, समोरून नीट दिसेल असा घालते. हे कुरकुरतात, ओला सदरा टीव्हीच्या आड येतो म्हणतात. येऊ दे. उद्या ती माइकवाली मुलगी त्यांच्या दारात उभी राहिली, तर त्या बाईंना तरी दोष कसा द्यायचा? त्या बिचाऱ्या फक्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतील.